पत्र्याच्या नवऱ्याचा खटला

“मांडवात आवाज चढव, नीरे. पन स्वतःच्याच आवाजावर भुलू नको गो.”

आत्या असं म्हणाली तेव्हा नीराबाई बारा वर्षांची होती आणि तिला त्यातलं पहिलंच वाक्य पटलं होतं. आत्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. काशीदच्या अलीकडच्या त्या कोळीवाड्यात भटजी उशिरा आला तर लोक चहा पितात. धवलारीण उशिरा आली तर लग्नच थांबतं. आत्या गेली, तिच्या जागी नीराबाई उभी राहिली, त्याला चाळीस वर्षं झाली. वाड्यातली एक सून अशी नव्हती, जिच्या डोक्यावर नीराबाईच्या गाण्याबरोबर तांदूळ पडले नव्हते.

घोळ तिथेच होता.

कारण त्याच सुनांचा सुक्या मासळीचा गट होता, अकरा जणींचा, आणि अध्यक्ष नीराबाई. बैठकीत काहीही विचारा, उत्तर एकच. “नीराबाय म्हनंल तसं.” जिने आपल्याला बोहल्यावर चढवलं तिला तोंडावर ‘न्हाय’ कोण म्हणणार? सगळ्या होकार देऊन उठायच्या आणि नळावर जाऊन एकमेकींना नकार सांगायच्या. मासळी वाळवायचं यंत्र आलं तेव्हा ते शेडच्या दारातून आत जाईना. ते जाणार नाही हे सगळ्यांना आधीपासून दिसत होतं. पण नीराबाई म्हणाली होती, जाईल. मग भिंत पाडली.

तरी तीन महिने बरे गेले. पत्र्याचं कपाटासारखं धूड, आत जाळ्यांचे थर, मागे गरम हवेचा पंखा. दिवसभर त्याची घरघर चालायची. चालवायची मनाली, नीराबाईची सून. अलिबागला सहा दिवस शिकून आली होती. लग्नापासून विळीवर मासे चिरत आलेल्या पोरीच्या हातात पहिल्यांदा बटणं आली होती आणि ती त्यांना न्हाऊ घातल्यासारखी पुसायची.

मग दिवाळीनंतरच्या एका गुरुवारचे बोंबील कुबटले. मुरूडच्या बाजारात गटाचा माल विकणाऱ्या सुगराआपांनी सगळी पोती टेम्पोत घालून परत पाठवली. यंत्र आजमावून बघायची मुदत चार महिन्यांची, ती संपत आलेली. ठेवायचं की परत द्यायचं?

“परत देऊ,” नीराबाई म्हणाली. “आपली वलांडी बरी. बांबूवर बोंबील लटकवा, वारा फुकट.”

“नीराबाय म्हनंल तसं,” नऊ जणी म्हणाल्या.

मनाली खालच्या मानेने सतरंजीचा दोरा उसवत होती. यंत्र गेलं की ती पुन्हा विळीवर, हे तिला कळत होतं. गुरुवारी दुपारी ती दवाखान्यात गेली होती. तेवढ्यात काय बिनसलं ते तिला उमगत नव्हतं, आणि नीराबाईला माहीत होतं. पण त्या गुरुवारबद्दल नीराबाई स्वतःशीसुद्धा बोलत नव्हती.

गटांना कामकाज शिकवणारी अमिषा नावाची मुलगी त्या बैठकीला बसली होती. तिने वही मिटली. “काकी, तुमच्याकडे निर्णय होत नाही, आरती होते. सगळ्या एका सुरात. आपण यंत्रावर खटला भरू या.”

“यंत्रावर? त्याला बेड्या कुठं घालशील?”

“खोटं कोर्ट, काकी. चिठ्ठ्या टाकायच्या. जिला जी बाजू येईल ती तिने लढवायची, मनात काही का असेना. म्हणजे कोणी कोणावर रागवायचं नाही. बोलली ती चिठ्ठी. पोटातल्या शंका आधी बाहेर पडतील, ठरवायचं नंतर.”

पुढच्या मंगळवारी सकाळी शेडमध्ये कोर्ट भरलं. न्यायाधीशाची चिठ्ठी निघाली भागुबाईला. वय शहात्तर, तोंडात मिश्री, आणि गटातली ही एकटीच आत्याच्या गाण्यावर बोहल्यावर चढलेली. तिला नातवाचा काळा रेनकोट चढवला आणि हातात बर्फ फोडायची मोगरी दिली. यंत्राच्या विरुद्ध वकील नीराबाई, तिच्या मदतीला शेजारच्या घरची सून, साक्षी. यंत्राच्या बाजूने मनाली. सासू-सून समोरासमोर आल्यावर बायकांनी हसू पदरात दाबलं. साक्षीदार म्हणून सुगराआपा मुरूडहून रिक्षाने आल्या होत्या. नाकाला रुमाल लावूनच आत शिरल्या.

“बोला,” भागुबाईने मोगरी आपटली.

साक्षी उठली, गळा साफ केला आणि म्हणाली, “नीराबाय बोलंल तसं.”

अमिषाने कपाळाला हात लावला. “अगं, तुला आरोप करायचेत!”

“केले की. नीराबायचे ते माझे.”

भागुबाई मिश्री थुंकून आली. “ए पोरी, हे कोर्ट-बिर्ट आम्हाला जमायचं न्हाय. आता माझं ऐका गो सगल्या. हा मांडव हाय. हा पत्र्याचा डबा नवरदेव. ही साक्षीची बाजू नवरीवाली, ती मनालीची नवऱ्यावाली. आनी मांडवात कोन कोनाची अब्रू ठेवते?”

शेड हसून फुटलीच. कारण लग्नात दोन्हीकडच्या बायका एकमेकींना गाण्यातून जे सुनावतात, त्याचा दुसऱ्या दिवशी राग धरायचा नाही, हा रिवाज. तिथे व्याह्याचं पोट निघतं, विहिणीचे दात निघतात, आणि वर जेवायला शेजारी बसतात.

साक्षीने पदर खोचला.

“नवरा आनला पत्र्याचा,
आवाज त्याचा जात्याचा,
बोंबील भिजला घामानी,
नवरा झोपला आरामानी!”

टाळ्या पडल्या. मनाली लाल झाली, पण उठली.

“विहिनबाय गो, नवरा माझा गुनाचा,
कावला न्हाय, कुत्रा न्हाय, पाऊस झेलतो जूनाचा!”

“जूनाचा पाऊस झेलतो, मग लाईट गेली की का रुसतो?” कोणीतरी ओरडलं.

“आनी जाल्या केवढ्या जड! माझी कंबर गेली.”

“मनाली आजारी पडली तर बटनं कोन दाबनार? आम्हाला कुनी शिकवलंय?”

अमिषा भराभरा लिहीत होती. तीन महिन्यांत जे नळावर सांडलं होतं ते सगळं आता वहीत येत होतं. आणि मग, कोण जाणे कुठून, मागच्या रांगेतून एक ओळ उडत आली:

“भिंत पाडली दारासाठी,
नीराबायच्या तोऱ्यासाठी!”

हसता हसता सगळ्या थांबल्या. नीराबाईच्या कानशिलावर ऊन तापावं तसं झालं. चाळीस वर्षांत तिला कोणी असं गायलं नव्हतं. राग यायला हवा होता. आला तो थोडा उशिरा आला, तोवर ती हसून बसली होती. “यमक बरं हाय गो,” ती म्हणाली. शेडने श्वास सोडला.

“साक्षीदार!” भागुबाईने मोगरी आपटली.

सुगराआपा पुढे झाल्या. “अल्लाची कसम, खोटं नाही सांगणार. आधीचा तीन महिन्यांचा माल कागदासारखा कोरडा. फक्त त्या गुरुवारची पोती! गिऱ्हाईकाने मला बघून दुकानाचं शटर ओढलं.”

नीराबाईला उलटतपासणी करायची होती. ती गुळमुळीत म्हणाली, “म्हंजे यंत्र वाईट.”

“वाईट कसं, नीराबाय? बाकी माल चोख होता म्हणते ना मी. तुझा आवाजसुद्धा.” आपांनी कौतुकाने फोन काढला. “त्याच गुरुवारी दुपारी तू ग्रुपवर तो धवला टाकलास ना? याच शेडमधून? माशाल्ला! मी रोज लावते. तुझ्या मागे दर्याची गाज काय सुंदर ऐकू येते.”

आपांनी लावला. नीराबाईचा आवाज पत्र्यावर चढला, गोल, पिकलेला. आणि त्याच्या मागे समुद्र. एक लाट, मग तिचं मागे सरणं, मग वाळूतली खसखस.

फक्त समुद्र.

मनालीने यंत्राकडे पाहिलं. ते चालू असताना या शेडमध्ये शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, तर समुद्र कुठला? तिने हळूच सासूकडे पाहिलं. मनालीला कळलंय, हे नीराबाईला कळलं. अजून कोणालाच कळलेलं नव्हतं. बायका गाण्यावर माना डोलवत होत्या.

“मनाली, तुझी पाळी,” अमिषा म्हणाली. “साक्षीदाराला विचार काय ते.”

मनालीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “मना काय विचारायचं न्हाय,” ती म्हणाली. “माझाच हात चुकला असंल. जाल्या जास्त भरल्या असतील. पन यंत्र ठेवा. मना नका ठेवू पायजे तर.”

“आता नीराबाय,” भागुबाई म्हणाली. “शेवटचं बोल, मग मी निकाल देते.”

नीराबाई उठली. सगळी डोकी सवयीने तिच्याकडे वळली, तांदूळ पडायची वाट बघत असल्यासारखी. तिला वाटलं, गावं. गाण्यात सगळं बसतं. चूक बसते, लाजसुद्धा बसते, आणि ऐकणाऱ्याला ती गोडच लागते. तिने डोळे मिटले.

“दर्या माझा ऐकला गो, वारा माझा थांबला,
सोन्यासारखा संसार गो, कोनी मधेच...”

मोगरी आपटली. यंत्राच्या पत्र्यावर ठण्ण झालं.

“गाऊ नको, नीरे,” भागुबाई म्हणाली. “बोल.”

आत्यानंतर तिला ‘नीरे’ कोणी म्हटलं नव्हतं. तिने डोळे उघडले. समोर मनाली उभी होती, मान खाली, हात बटणांच्या जवळ.

“गुरुवारी यंत्र मी बंद केलं,” नीराबाई म्हणाली. आवाज फाटला, तिने तो सावरला नाही. “फोन मिठाच्या गोनीला टेकवून गात बसले. ह्याची घरघर माझ्या गान्याच्या आड येत होती. दहादा गायले, दहादा ऐकलं, ते मनाच गोड लागत राहिलं. चालू करायचं ध्यानात आलं तवा दिवस कलला होता. मनालीचा दोष न्हाय. यंत्राचा न्हाय. मी केलं, आनी परत द्या म्हनाले ते कुनाला कलू नये म्हनून.”