लोखंड कोणी खाल्लं?

रेडिओवरच्या मुलाखतीत दोघी बहिणींतल्या धाकटीचं सगळं सुरळीत चाललं होतं. वेधशाळेत ती ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांच्या पोटात काय दडलंय ते हुडकून काढायची, आणि ते लोकांना सांगायला तिला मनापासून आवडायचं. तारा आणि त्याचे ग्रह वायू-धुळीच्या एकाच ढगातून जन्मतात, म्हणून ताऱ्यात लोखंड किती हे कळलं की ग्रह कसे असतील याचा अंदाज बांधता येतो. खाण तशी माती, असं ती म्हणाली. मग ती जुळ्या ताऱ्यांकडे वळली. दोघे एकाच ढगातले, तेव्हा सारखेच हवेत. पण तिने अभ्यासलेल्या जोडीतल्या एकात लोखंड जास्त निघालं होतं, म्हणजे त्याने आपलेच ग्रह गिळले असणार.

निवेदकाच्या डोक्यात काही उजेड पडेना. तिथे धाकटीची जीभ घसरली.

“हे बघा,” ती म्हणाली, “मी आणि माझी बहीण जुळ्या. एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलो. आज तिचं वजन माझ्या दीडपट आहे. मग मधे काय झालं असेल, तुम्हीच सांगा.”

थोरलीच्या पार्लरमध्ये त्या वेळी रेडिओ चालू होता आणि एकही खुर्ची रिकामी नव्हती. बायकांनी आधी हसू दाबलं, मग ते एकदमच फुटलं. थोरलीची कात्री घसरली आणि एका बाईंची कपाळावरची बट नको तितकी आखूड झाली.

त्या दिवसापासून थोरलीने बहिणीचा फोन घेणं बंद केलं. आईने मात्र आपणहून फोन करून धाकटीची बिनपाण्याने केली. तुझे तारे काय हवे तेवढे तोल, पण सख्ख्या बहिणीला भर बाजारात तराजूत कशाला बसवलंस, असं तिचं म्हणणं होतं.

शेवटी धाकटी पार्लरमध्ये गेली. थोरलीने तिला गिऱ्हाइकासारखं रांगेत बसवलं, पाळी आल्यावर गळ्याभोवती कापड बांधलं आणि केस ओले केले. कात्री कानापाशी आली तशी धाकटीला विज्ञानाची दुसरी बाजू आठवली. काहींच्या मते जाड्या ताऱ्याने काही गिळलेलंच नसतं, ती घाईघाईने सांगू लागली. बारक्याचंच लोखंड त्याच्या ग्रहांत जातं, म्हणून तो कमी भरतो. खरं काय ते अजून नक्की नाही.

“हे रेडिओवर का नाही सांगितलंस?” थोरलीने विचारलं.

“वेळ कमी होता.”

“माझं वजन सांगायला बरा पुरला.”

केस मात्र थोरलीने झकास कापले. राग धंद्यात आणायचा नाही, हा तिचा नेम होता.

धाकटी पुन्हा रेडिओवर गेली, दुसरी बाजू मांडली आणि बहिणीची जाहीर माफी मागितली. निवेदकाने श्रोत्यांचे फोन घ्यायला सुरुवात केली. पहिलाच आवाज धाकटीच्या चांगल्याच ओळखीचा निघाला.

“मी ती दीडपट बहीण,” थोरली शांतपणे म्हणाली. “लहानपणी आई आमच्या अंगात लोह जावं म्हणून रोज पालक वाढायची. हिला तो डोळ्यांपुढे नको असायचा. आईची पाठ वळली की हिचा पालक माझ्या ताटात. ही रडेल म्हणून मी मुकाट्याने खायचे. तेव्हा माझ्यात जे जास्तीचं आहे ना, ते हिचं आहे. तुमच्या शास्त्रज्ञांना कळवा.”

निवेदकाला हसू आवरेना, म्हणून त्याने मधेच गाणं लावलं. धाकटीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती ही गोष्ट साफ विसरली होती. बाहेर पडताच तिने बहिणीला फोन लावला, आणि या वेळी तो पहिल्याच घंटेला उचलला गेला. दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. घरी आईही रेडिओ ऐकते, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

रविवारी आईने दोघींना जेवायला बोलावलं. दोन ताटांत अगदी सारखा पालक वाढला आणि खुर्ची ओढून ती समोरच बसली. धाकटीने पहिला घास कसाबसा गिळला. थोरलीने दुसऱ्यांदा मागून घेतला. इतक्या वर्षांत तिला तो खरंच आवडायला लागला होता.