ट्रुगानिनाचा पहिला घास

"आई, तू पदर नाकाला लावूनच बसणार असशील, तर गाडीत बस. हीटर लावून देतो," दत्तप्रसाद म्हणाला.

"नाकाला कुठे लावलाय? घाम पुसतेय," सुहासिनीबाई म्हणाल्या. मेलबर्नच्या कडेला ट्रुगानिनात जुलै म्हणजे ऐन हिवाळा होता आणि रांगेतले लोक जाकिटाच्या खिशात हात घालून उभे होते.

घामाचा विषय तिथेच संपला.

त्यांच्यासमोर विटांची एक लांबलचक चूल होती. तिच्यावर पत्र्याचं झाकण आणि झाकणाखाली एक अख्खं डुक्कर. काल संध्याकाळपासून रेडगमच्या लाकडाच्या निखाऱ्यावर ते अगदी सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखं शिजत होतं. सुहासिनीबाई त्याचा उल्लेख 'ते' असा करत. मिरजेत मात्र 'आमचा दत्ता तिकडे आगीचं खातं बघतो' असं सांगत. ऐकणाऱ्याला तो अग्निशामक दलात आहे असं वाटे. हा गैरसमज दूर करण्याइतका वेळ त्यांना कधी मिळाला नव्हता.

दत्तप्रसाद मेलबर्नला अकाउंटिंग शिकायला आला होता. युनिव्हर्सिटीच्या दिवसांत 'मर्व्हज् पिट' या बार्बेक्यू हॉटेलच्या जिलाँग शाखेत भांडी घासता घासता त्याला आग सांभाळता येऊ लागली आणि अकाउंटिंग मागे पडलं. जिलाँग, बॅलरॅट, वेरिबी आणि आजपासून ट्रुगानिना. मालक मर्व्हने ही चौथी चूल दत्ताला द्यायचं ठरवलं होतं. सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबल्यावर स्वतःची चूल.

अडचण एकच होती. मर्व्हचा बाप अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातून येताना ही कला आणि तिच्यासोबत एक रीत घेऊन आला होता. नवी चूल सुरू होते त्या दिवशी पिटमास्टरने, म्हणजे चूल सांभाळणाऱ्याने, डुकराच्या गालाचा पहिला घास सगळ्यांदेखत खायचा. तो खाल्ला की चूल त्याची. नाही खाल्ला, तर बॅलरॅटच्या चुलीवरचा शेन हात पुसत तयारच उभा होता.

आणि दत्ताने डुक्कर आजवर चाखलंही नव्हतं.

तसं कोणी शपथ वगैरे घातली नव्हती. घरात मांस-मच्छी नव्हती, इथे आल्यावर ते राहूनच गेलं. जिलाँगला तो डब्यातली पोळी-भाजी खायचा. मर्व्हला वाटायचं, पोरगा पोटाने नाजूक आहे.

"एक घास गिळ आणि मोकळा हो," त्याची बायको चारुता हळूच म्हणाली. ती कॉलेजपासून चिकन खात होती आणि या प्रश्नाकडे तिला लांबून बघता येत होतं. "नाहीतर पावाचा तुकडा टाक तोंडात. कोण बघतंय?"

"सगळेच बघतायत. त्यासाठीच तर आहे ते."

"मग आईंना मी त्या टेबलाकडे नेते. तेवढ्यात उरक."

पण मर्व्हने झाकण उचललं होतं. धूर वर गेला, रांग पुढे झुकली. मर्व्ह म्हणजे सहा फुटी, लाल मानेचा, भावनाप्रधान माणूस. त्याने गालाचा मऊ तुकडा बोटांनी काढला आणि दत्तासमोर धरला.

"गो ऑन, डॅट. ऑल युअर्स, मेट."

दत्ताने तुकडा हातात घेतला. ओठांपर्यंत नेला. आईकडे त्याने पाहिलं नाही. पाहिलं रांगेकडे. ते सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. हा मान डोलावेल, मग आपल्याला कळेल झालंय कसं. आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला मान डोलावण्याचं नाटक करावं लागणार. चांगलं झालंय हे त्याच्या नाकाला आणि हाताला सकाळीच कळलं होतं. जिभेला मात्र त्यातलं काहीच कळणार नव्हतं.

"मर्व्ह," तो म्हणाला, "मी हे कधी खाल्लेलं नाही."

"आजचं?"

"कधीच."

मर्व्हची मान आणखी लाल झाली. "सहा वर्षं? अरे, मग सॉस?"

"सॉस चाखतो. त्यात व्हिनेगर आणि मिरचीच असते."

शेनने हात पुसणं थांबवलं. सुहासिनीबाई खुर्चीतून उठून आल्या. "का ओरडतोय तो तुझ्यावर?"

"ओरडत नाहीये, आई. विचारतोय, न चाखता शिजवतोस कसं."

"म्हणजे?" बाई भडकल्या. "नैवेद्याचं मी चाखून करते का? आधी तोंडात घातलं की उष्टं नाही होत? सांग त्याला!"

दत्ता सांगायला गेला आणि अडकला. उष्ट्याला इंग्रजीत शब्द नाही. ज्यांच्याकडे तो शब्दच नाही, ते पाहुण्यांना जेवायला तरी कसे बोलावतात, असा प्रश्न त्याला त्या गडबडीतही पडला.

"माय मदर सेज," तो म्हणाला, "इफ आय ईट फर्स्ट, देन इट इज... यूज्ड."

"यूज्ड पिग?" मर्व्ह म्हणाला.

रांगेत हशा पिकला. दत्ताचे कान तापले. तेवढ्यात रांगेतला पहिला माणूस, परमजीत नावाचा दांडगा ट्रकवाला, गरजला, "जूठा! अरे भाई, जूठा बोल ना!" मग तो मर्व्हकडे वळला. "कुकने आधी तोंड लावलं, मेट, तर पाहुण्याला त्याचं उरलेलं मिळतं. आमच्यात कोणाची आई असं चालू देत नाही."

मर्व्हने झाकण बाजूला टेकवलं. "माझा बाप म्हणायचा, आधी स्वतः खा, म्हणजे लोक विश्वास ठेवतील."

"आणि माझी आई म्हणते, आधी लोकांना," दत्ता म्हणाला. त्याच्या हातातला तुकडा थंड होत चालला होता.

मर्व्हने सुहासिनीबाईंकडे पाहिलं. बाईंनी पदर नाकावरून काढला होता आणि त्या त्याच्याकडे, मोठ्या झालेल्या पण अजून वळण न लागलेल्या मुलाकडे बघावं तशा बघत होत्या.

"राइट," तो म्हणाला. "बाकी तिन्हीकडे बापाची रीत. इथे हिची. लाइनमध्ये पहिला कोण?"

दत्ताने तुकडा कागदी ताटलीत ठेवून परमजीतपुढे धरला. परमजीतने तो तोंडात टाकला, डोळे मिटले आणि चावत राहिला. मग त्याने डोळे उघडले आणि ताटली परत पुढे केली.

रांगेतून टाळ्या पडल्या. मर्व्हने कमरेला खोचलेले जाड हातमोजे काढून दत्ताला दिले. "युअर पिट," म्हणाला आणि धूर डोळ्यांत गेल्याचं कारण सांगून आत निघून गेला.

दत्ता मांस सोडवू लागला. सुहासिनीबाई चारुताबरोबर पलीकडच्या टेबलाशी आल्या. तिथे कोलस्लॉचं मोठं भांडं होतं. कोबी, गाजर, पांढरं काहीतरी.

"इथे वाढायला कोणी नाही?"

"सेल्फ-सर्व्हिस आहे, आई. ज्याचं त्याने घ्यायचं."

"पहिल्याच दिवशी? लोक काय म्हणतील आपल्याला?"

त्यांनी पदर खोचला आणि मोठा चमचा उचलला. ताटल्यांमध्ये काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही. नजर जरा वर, माणसाच्या चेहऱ्यावर ठेवली. मानेपर्यंत गोंदवलेला एक तरुण समोर आला. चमचा ताटलीवर नेऊन बाई थबकल्या. दोन बोटांनी त्यांनी त्याची ताटली हलकेच फिरवली, आणि कोलस्लॉ डाव्या बाजूला, कोशिंबिरीच्या जागी वाढला.