मागची पेडलं

दोन सीटची ती लांबलचक सायकल बाहेर निघाली तशी मुलगी दारातच आडवी आली. "बाबा, ही दोघांनी चालवायची सायकल आहे. समुद्राकडचे चढ एकट्याला झेपणार नाहीत."

"उलट सोपं जाईल," काटेवाले म्हणाले. "मागचं ओझं नाही ना आता."

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. तिची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं.

बाजारातल्या दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. पावसाळा सरला की नवरा-बायको या सायकलवरून किनाऱ्याच्या रस्त्याने दिवसभराची फेरी मारत. ते पुढे, बायको मागे. शेवटच्या मोठ्या चढावर ते हमखास ओरडत, "अगं, पेडल मारतेस की नुसती बसलीस?"

"उतरू का?" मागून उत्तर येई.

"उतर! शिट्टी वाजवत चढून जातो."

ती कधी उतरली नाही, आणि त्या चढावर पाय टेकायची वेळही कधी आली नाही. आजसुद्धा पाय टेकायचा नाही, एवढा एकच हट्ट धरून काटेवाले निघाले होते.

सकाळ बरी गेली. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे खाली समुद्र, रस्ता सारखा वरखाली. सवयीने त्यांनी दोनदा "खड्डा गं!" म्हणून हाकही दिली. एक ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "काका, मागची सवारी कुठे सांडली?" ते हसले. मग बराच वेळ त्यांना समोरचा रस्ता नीट दिसला नाही. घरात एकटेपणा चार खोल्यांत विभागला तरी जायचा. इथे तो पाठीमागे येऊन बसला होता. पुढची पेडलं फिरली की चेनने जोडलेली मागचीही फिरत, रिकामीच, खडखडत.

दुपार कलली आणि तो चढ आला. अर्ध्यावरच काटेवाल्यांच्या नाकी नऊ आले, पण घाबरायचं कारण नव्हतं. पुढे पिवळ्या कठड्याचं वळण होतं आणि तिथून चढ सौम्य होतो, हे त्यांना ठाऊक होतं. दरवर्षी तिथे सायकल एकदम हलकी व्हायची. कितीजणांना त्यांनी हे छातीठोकपणे सांगितलं होतं.

वळण आलं. चढ सौम्य झाला नाही. उलट तिथून रस्ता छातीवर आल्यासारखा उभा होता, आणि तो काही आजच असा उभा झाला नव्हता. सायकल डगमगली, हँडल फिरलं आणि त्यांचा पाय जमिनीवर आला.

ते धापा टाकत तसेच थांबले. दुसऱ्याच्या काट्यात गुंजभर फरक ज्यांना खपला नाही, त्यांनी घरच्या मापात उभा जन्म पाप केलं होतं. या वळणावर तीच जोर लावत होती. दरवर्षी. त्यांचे टोमणे ऐकत, एका शब्दाने न सांगता.

मागचं पेडल अजून किंचित हलत होतं. त्यांनी त्यावर हात ठेवून ते थांबवलं.

"मी उतर म्हणायचो," ते रिकाम्या सीटला म्हणाले, "पण उतरायचं नव्हतं गं."

मग ते सायकल ढकलू लागले.