तार आली का?

पोशेऱ्याचा पंढरी दर बाजाराला खोडाळ्याच्या पोस्टात जाऊन उभा राही आणि विचारी, "माझी तार आली का?" खिडकीपलीकडची सुनिता नवी होती. म्हाताऱ्याचं वय झालंय असं समजून ती नुसतं "नाही आजोबा" म्हणे.

त्याचं असं झालं होतं. पंढरीची लघवी तुंबली, म्हणून नाशिकच्या एका दवाखान्यात प्रोस्टेटची वाढलेली गाठ लेझरनं कापायला घेतली. लेझरचा प्रकाश काचेच्या बारीक तारेतून आत जातो. गाठ निघाली दांडगी, आणि निम्म्यातच तारेचं टोक जळून झिजलं. उजेड दिसे, पण कापेना. टोक छाटून पाहिलं, तरी जोर येईना, आणि दुसरी तार शिल्लक नव्हती. कमरेखाली बधिर पडलेल्या पंढरीला डॉक्टर म्हणाले, "बाबा, थोडं राहिलंय. तार आली की बोलावतो." पंढरीनं ती तार पोस्टाची धरली. त्याच्या तरुणपणी तार यायची ती कुणी गेल्याचीच. ही मात्र सुटकेची येणार होती.

तोवर नळी, आणि मांडीला बांधलेली लघवीची पिशवी. त्यात देवीचा बोहाडा तोंडावर आलेला. बोहाड्यात मुखवटे घालून देवादैत्यांची सोंगं नाचतात, आणि त्राटिकेच्या सोंगाचा मान पंढरीच्या घरचा. तो लुगडं नेसून नाचायचा आणि त्याची बायको गौरा पुढे बसून तोंडावर पदर घेऊन हसायची. त्या हसण्यासाठी तो वर्षभर झुरायचा. या साली तर जीव नुसता तिथंच अडकला होता.

"लुगड्याखाली पिशवी कोनाला दिसते?" गौरा म्हणाली.

"देवीला दिसते. नळी लावून मुखवटा नाय घालायचा."

धाकटा भाऊ सखा मुखवटा मागायला आला, तर त्याला यानं परतवून लावलं. "थांब. तार येऊ दे."

बोहाड्याच्या आदल्या दिवशी पोस्टात त्याचे डोळे भरून आले. तेव्हा कुठे सुनितानं सगळं विचारून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "आजोबा, पोस्टाची तार कधीच बंद झाली!" तिनं दवाखान्यात फोन लावला. लेझरची तार येऊन पडली होती. त्यांनी फोनही केले होते, पण पंढरीच्या घरात रेंज कुठली? "उद्याच आणा, मग डॉक्टर परगावी जातायत," ते म्हणाले.

पंढरीला स्वतःचाच राग आला. वेळेवर कळतं तर या साली नाचला असता. घरी येऊन त्यानं भिंतीवरचा मुखवटा खाली काढला, पुसला, सखाच्या हातात दिला. "गिरकी डावीकडून घे," म्हणाला.

"तू ऱ्हा. सोंग बघ," तो गौराला म्हणाला.

"कोनाला बघू?" म्हणत तिनं गाठोडं बांधलं.

सकाळी एसटी सुटली तेव्हा देवळापाशी संबळ वाजवून बघत होते. पंढरी खिडकीबाहेर पाहत राहिला. सीटखाली त्याच्या डाव्या पायानं आपसूक ठेका धरला. पिशवी हिंदकळायला लागली. गौरानं एका हातानं ती घट्ट धरली, आणि दुसऱ्या हातानं तोंडावर पदर घेतला.