फाटकावरचा ऑल्बन

ऑल्बन गॅरडला पुरलं त्या गुरुवारी स्टोमियरचा बाजार होता, आणि घोटाळा झाला तो बाजारामुळेच. कझाया पास्क ही अंडीवाली म्हातारी आपल्या भावाची मयत घेऊन सकाळीच यायची होती. पण मेंढ्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबला, आणि तिची मंडळी चर्चच्या फाटकाशी पोचली ती नेमकी हेस्टर गॅरड नवऱ्याला घेऊन पोचली तेव्हाच. फाटकावर छप्पर, छपराखाली शवपेटी टेकायला दगड एकच. दोन्हीकडचे खांदेकरी एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले.

आता स्टोमियरचा माणूस एक वेळ उपाशी राहील, पण दारात दुसऱ्याच्या पुढे शिरणार नाही. हेस्टर तर त्यातही नाकासमोर चालणारी. ती बाजूला सरली आणि म्हणाली, "आधी तुम्ही."

यावर एरवी "छे छे, तुम्हीच आधी" असं उलट यायचं, निदान दोनदा तरी. कझायाने नुसती मान डोलावली आणि पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी भावाची पेटी आत न्यायला लावली. हेस्टरला तेव्हा फक्त राग आला.

चूक ध्यानात आली ती दुसऱ्या दिवशी, टोस्टला लोणी लावताना. ऑल्बनचं दुकान लोखंडी सामानाचं, पण त्याचा जीव अडकलेला गावाच्या जुन्या गोष्टींत. चर्चचं उत्तरेचं दार कोणी बुजवलं, घंटेला तडा कसा गेला, हे तो खिळे तोलता तोलता गिऱ्हाइकांना ऐकवायचा. गिऱ्हाईक कंटाळायचं, हा कंटाळायचा नाही. त्यातलीच एक गोष्ट पहाऱ्याची. चर्चच्या आवारात जो शेवटी पुरला जातो तो फाटकावर पहाऱ्याला उभा राहतो. पुढचा आला की पहारा त्याच्याकडे, आणि हा झोपायला मोकळा. म्हणून पूर्वी एका दिवशी दोन मयती आल्या की लोक पेट्या खांद्यावर घेऊन चक्क पळायचे. हे सांगताना ऑल्बन पोट धरून हसायचा. हेस्टरही हसायची.

आणि आवार तर भरलं होतं. शुक्रवारपासून नव्या कबरी गुरांच्या बाजारापलीकडच्या माळावर, असं पाद्रीबुवांनी कधीच जाहीर केलं होतं. ऑल्बनच्या मागून आता कोणी येणारच नव्हतं.

हेस्टरने स्वतःलाच वेड्यात काढलं. फक्त फाटकावरून जाणं टाळून ती मागच्या गल्लीने बाजारात जाऊ लागली. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? बेकरीवालीचा कुत्रा म्हणे फाटकाशी थांबतो आणि कोणी नसताना वर बघून शेपूट हलवतो. टिबनम खाटीक तर मांस बांधता बांधता बोलून गेला, की आत्ताच आवारातून येताना मिस्टर गॅरडना नमस्कार केला. मग त्याने जीभ चावली. सवयीने झालं म्हणाला, माफी मागितली.

"कसे उभे होते?" हेस्टरने विचारलं.

टिबनमने सुरी पुसली. "एका पायावर भार देऊन," तो खालच्या आवाजात म्हणाला.

ऑल्बनचा डावा गुडघा वीस वर्षं अधू होता. दुकानातही तो स्टूल सोडत नसे. तिच्या दोन शब्दांपायी तो त्या गुडघ्यावर जगबुडीपर्यंत उभा राहणार होता.

ती तडक कझायाच्या अंड्यांपाशी गेली.

"तुला ठाऊक होतं."

"होतं की." कझाया एक अंडं उजेडात धरून निरखत होती. "आमचा जेबेझ जन्मभर दुसऱ्यांच्या मेंढ्या राखत उभा राहिला. मेल्यावरही उभा करू? तू म्हणालीस, आधी तुम्ही. मी कशाला नको म्हणू?"

"मला तेव्हा सुचलंच नाही."

"सभ्य माणसांना नाहीच सुचत, बाई. अर्धा डझन देऊ?"

हेस्टरने अर्धा डझन घेतली. नको म्हणणं तिला तेव्हाही जमलं नाही.

आवारात आणखी एक तरी कबर होऊ द्या, असं सांगायला ती पाद्रीबुवांकडे गेली. त्यांनी चहा दिला, उसासे टाकले, आणि कायद्यापुढे आपलं काही चालत नाही म्हणाले. नवी कबर खणता येणार नाही. मात्र ऑल्बनची कबर रिवाजाप्रमाणे दोघांपुरती खोल आहे, तेव्हा हेस्टरची जागा कुठे जात नाही, असं त्यांनी तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं. हेस्टरने कप खाली ठेवला. ती मेल्यावर समुद्रकाठी, बहिणीच्या कबरीशेजारी जायचं ठरवून बसली होती. त्याच दुपारी तिने वकिलाकडे जाऊन मृत्युपत्रात ते बदललं. तिच्यामागून कोणी येणार नाही हे तिला कळत होतं. पण तिचे गुडघे धड होते, आणि तिला भीती वाटली नाही, उलट हलकं वाटलं. हे ऑल्बनला सांगावं म्हणून ती फाटकाकडे निघाली.

ऊन अजून छपरावर होतं. तिने कडी उचलली, फाटक ढकललं. हललं नाही. लाकूड फुगलं असेल म्हणून तिने खांदा लावला, तरी नाही. तेवढ्यात टिबनम टोपली घेऊन आला, एका बोटाने फाटक उघडून आत गेला आणि तिच्यासाठी धरून उभा राहिला. तिने पाऊल उचललं, आणि फाटक त्याच्या हातातून सुटून बंद झालं. आपटलं नाही. मूल झोपलेल्या खोलीचं दार लावावं तसं बेताने लागलं.

"वारा," टिबनम म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं. तो मागे न बघता आवारातून निघून गेला.

हेस्टरने दोन्ही तळवे फाटकावर टेकले. पलीकडून कोणीतरी भार देऊन उभं होतं. मधूनच तो भार थरथरायचा, थोडा एका बाजूला सरकायचा, आणि पुन्हा घट्ट व्हायचा.

"हट्ट करू नकोस, ऑल्बन," ती म्हणाली. "मी सही करून आलेय. मी येईन, मग तू जाऊन पड."

तिने सगळा जोर लावला. पलीकडूनही तितकाच जोर आला. मग ती भर रस्त्यात, बाजाराच्या लोकांदेखत रडली. मयतीच्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

"बरं, नको येऊ देऊस," ती फाटकाला म्हणाली. "पण निदान बस तरी रे खाली."