गाण्यातली ती ‘कर्र’ माझी आहे

मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. कर्र. ओळखलात ना आवाज? नाही, मित्रांनो. तुम्ही त्या दुसऱ्या गाण्यातला ओळखता. तिथंच तर माझं डोकं फिरतं!

पहिल्यापासून सांगते. कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो होत्या, पण माझाच एक खिळा वाकडा बसला. तेव्हापासून कुणी रेललं की

कर्र.

म्हणून स्टुडिओवाल्या काकांनी मला कोपऱ्यात टाकलं. एके दुपारी तिथं एक ताई गायला आली, सोबत तिचा रॅप करणारा मावसभाऊ. उभ्यानं रॅप करताना त्याला धाप लागायची. बसला माझ्यावर. ओळ संपवून मागे रेलला. कर्र. नेमकी तालात!

“पुन्हा घेऊ?” तो ओशाळला.

“गप रे! तुझ्यापेक्षा तीच तालात आहे,” ताई म्हणाली.

गाणं तुफान चाललं. जो तो गुणगुणायचा आणि शेवटी तोंडानं कर्र करायचा. मला मऊ गादी मिळाली.

मग एका बड्या गायिकेनं तेच गाणं पुन्हा गायलं. गुळगुळीत, व्हायोलिनं लावून. माझी कर्र कॉम्प्युटरवर बनवली! ते आमच्या कितीतरी पट चाललं. लोक ताईला म्हणू लागले, “त्यांचं गाणं तुम्हीही छान म्हणता हं!”

कप्पाळ!

“शेवटचा प्रयत्न,” ताई म्हणाली. “आपलं गाणं इथंच, याच खुर्चीवर पुन्हा करू. नाही ऐकलं कुणी, तर मी गाणंच सोडते.”

काकांना इतका आनंद झाला, की रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या सांध्यांना तेल पाजलं.

मावसभाऊ रेलला.

…

पुन्हा रेलला.

…

“काका, काय केलंत हे!”

“अगं, तुम्हा पाहुण्यांसमोर कुरकुरायला नको म्हणून जरा…”

“त्यांच्या गाण्यातली कर्र लावायची का?” मावसभाऊ पुटपुटला. ताईनं असं पाहिलं, की तो माझ्यावरून उठलाच.

गेले वीस दिवस मी न्हाणीघरात आहे. ताई रोज येते, साबणानं तेल धुते, गंज चढावा म्हणून मला ओली ठेवते, बसून बघते. आज सकाळी ती रेलली.

कर्

“काका!” ती ओरडली. “भावाला बोलवा! आणि तेलाची बाटली घेऊन तुम्ही बाहेर थांबा!”

मित्रांनो, वस्तूंची निगा जरूर राखा. पण तेल सोडण्याआधी घटकाभर बसून त्यांचं ऐका. आता गप्प बसते. मावसभाऊ आलाय, माइक सुरू आहे, त्याची ओळ संपत आली, तो रेलतोय

कर्र.