पाठवणाऱ्याकडे परत

वॉरेन थिबोंनी शाईच्या गादीवर शिक्का दाबला आणि टेसच्या कार्डावर, वरच्या कोपऱ्यातल्या त्या इवल्याशा खुणेवर ठप्पकन उठवला. ‘पाठवणाऱ्याकडे परत.’

तिसरीचा अख्खा वर्ग खिदळला. हा शिक्का कुणाच्याही कार्डावर बसला की हसायचंच, असा रिवाजच पडून गेला होता.

“इथे किंगलेट पक्षी उरला नाही, टेस. तीन वर्षं झाली.”

“पण मला ऐकू आला.”

“कसा?”

“सी-सी-सी. खूप बारीक. त्या पडक्या भिंतीच्या मागून.”

“शाळेच्या बसचा ब्रेक असेल तो. चिखलात रुतलेली बस बाहेर काढल्यापासून त्याचं रडगाणं पलीकडच्या गावापर्यंत ऐकू जातं.”

पुन्हा हशा. टेस हसली नाही. तिने कार्डाची घडी घातली, मग घडीची घडी घातली आणि ती रबरी बुटात कोंबून टाकली.

थिबोंनी एकतीस वर्षं अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या या डोंगराळ भागात टपाल वाटलं होतं. गाडीची काच सदा खाली, मग थंडीने नाक बधिर का होईना. पत्रं टाकता टाकता त्यांना पक्ष्यांचे आवाज पाठ झाले. कुठल्या पेटीपाशी कोण गातं, हे त्यांना पेटीवरच्या नावांइतकंच पक्कं ठाऊक. निवृत्त झाले तेव्हा टपाल कचेरीतल्या मंडळींनी गंमत म्हणून हा जुना शिक्का भेट दिला. तेव्हापासून दर एप्रिलमध्ये, बर्फ वितळून रस्त्यांचा पार लगदा झाला की, ते मंगळवारचे शाळेत येत आणि पोरांना मागच्या, सुईसारख्या पानांच्या हेमलॉक वृक्षांच्या रानात घेऊन जात.

त्यांची रीत साधी होती. प्रत्येकाला एक कोरं कार्ड, मधोमध एक फुली. फुली म्हणजे मी. आपापल्या ठरलेल्या झाडाला टेकून दहा मिनिटं गप्प बसायचं आणि आवाज जिकडून येईल तिकडे खूण करायची. ऐकलं तेवढंच लिहायचं. ऐकू यावंसं वाटलं, ते नाही. जेवणाच्या सुट्टीत शाळेचं छप्पर उडवणारी ही आठ-आठ वर्षांची पोरं रानात अशी बसत, की त्यांच्या बाई, मिस प्रायर, दरवेळी तोंडात बोट घालत. थिबोंना त्याचं नवल वाटत नसे, कौतुक मात्र फार वाटे. मोठ्या माणसांना त्यांनी पुष्कळदा रानात नेलं होतं. ती दोन मिनिटांत आपल्या गुडघ्यांविषयी बोलू लागतात.

आणि थिबोंची एक वही होती. रानात कोणता पक्षी किती, हे वर्षावर्षाला लिहिलेलं. वहीत नियम आणखी कडक. थिबोंनी स्वतः ऐकलं किंवा पाहिलं नाही, ते वहीत नाही. किंगलेटच्या ओळीत गेली तीन वर्षं शून्य होतं. अंगठ्याएवढा पक्षी, डोक्यावर पिवळी रेघ, हेमलॉकच्या शेंड्याशी लपून राहणारा. डोळ्यांना तो क्वचितच सापडतो, कानांनीच शोधावा लागतो. पहिलं शून्य लिहिताना थिबोंचा हात जड झाला होता. तिसरं लिहिलं त्या वर्षी पोरांनी भलंमोठं चित्र काढलं, ‘निरोप, किंगलेट’, आणि ते अजून शाळेच्या ओसरीत लटकत होतं. त्याच्यासमोरून जाताना थिबो टोपी काढत. पोरांना ती गंमत वाटे, पण ती गंमत नव्हती.

पुढच्या मंगळवारी दहा मिनिटं संपत आली असतील नसतील, तोच सगळी पोरं एकदम उठली.

“बसा खाली! मी सांगितलं का उठायला?” थिबोंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दहा मिनिटं नेमकी झाली होती. दहा मिनिटं भरल्याची खूण म्हणून वाजणारी घड्याळाची पिकपिक गेल्या वर्षीच बिघडली होती. सेल बदलूनही वाजेना, म्हणून ते आकड्यांकडे बघूनच वेळ सांगत. पोरं मात्र हल्ली दरवेळी त्यांच्या आधी उठत. पोटात कावळे ओरडत असतील, असं समजून त्यांनी तो विषय सोडला आणि पडक्या दगडी भिंतीवर बसून कार्डं गोळा केली.

टेसचं कार्ड कोरं होतं.

“काहीच ऐकलं नाहीस? रॉबिन पक्षी तर घसा फुटेस्तोवर ओरडतोय.”

“ऐकला.”

“मग?”

“कशाला लिहायचं? परतच येतं ना.”

हे ती रुसून म्हणाली असती तर थिबोंना बरं वाटलं असतं. रुसलेलं मूल मनवता येतं. पण हा हिशेब तिने शांतपणे करून टाकला होता. वर्गातले सगळ्यात तल्लख कान या पोरीचे. त्या कानांवरचा तिचा विश्वास त्यांनी एका ठप्प्यात काढून घेतला होता. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते करत तेच त्यांनी केलं: मान खाली घालून पुढचं टपाल चाळू लागले.

ओटिसच्या कार्डावर रॉबिन होता, सुतारपक्षी होता, मिस प्रायरची शिंक होती आणि डावीकडे कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘चाक कुरकुरतंय?’ थिबोंचा हात शिक्क्याकडे गेला. रानात कसलं आलंय चाक. पुढच्या कार्डावर कुणी नुसती सुई काढली होती. त्यापुढच्यावर ‘सी सी, उंदीर’. चार कार्डं झाली, पाच झाली. थिबोंनी शिक्का खाली ठेवला.

कोण कुठल्या झाडाशी बसतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी कार्डं भिंतीच्या सपाट दगडावर त्याच मांडणीने लावली आणि प्रत्येकाच्या फुलीपासून त्या खुणेच्या दिशेने बोट फिरवलं. ओटिसचं बोट तिकडे. सुईवालीचं तिकडे. उंदीरवाल्याचंही तिकडेच. पाचही रेघा भिंतीपलीकडच्या एकाच हेमलॉकवर येऊन थांबत होत्या. गेल्या मंगळवारी टेसने जिथे खूण केली होती, नेमका तोच.

“टेस,” ते म्हणाले, “जरा ये बघू.”

ती आली. थिबोंनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि नजरेने झाड फांदीफांदीने वर चढू लागले. बराच वेळ नुसत्या सुयाच दिसत होत्या. मग एक सुई हलली आणि तिच्यामागून पिवळी रेघ बाहेर आली.

तीन वर्षांनी. थिबोंनी दुर्बीण आणखी घट्ट धरली. आहे! अरे, आहे की लबाड!

मग त्यांना तो नीट दिसला. चोच उघडी होती. गळा थरथरत होता, अख्खं अंग त्या गाण्याने हलत होतं. मागे रॉबिन ओरडत होता, तो स्पष्ट ऐकू येत होता. ओटिस नाक ओढत होता, तेही ऐकू येत होतं. फक्त समोरच्या त्या उघड्या चोचीतून काहीच बाहेर पडत नव्हतं.

“टेस,” दुर्बीण तशीच धरून त्यांनी हळूच विचारलं, “आता गातोय?”

“हो.”

चोच मिटली.

“थांबला,” टेस म्हणाली.

चोच उघडली.

“आता परत. तुम्हाला येत नाही ऐकू?”

थिबोंनी दुर्बीण खाली घेतली. मनगटाकडे पाहिलं. म्हणजे घड्याळही बिचारं वाजतच होतं. आणि पोरं भुकेने उठत नव्हती. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे पिकपिक ऐकून शहाण्यासारखी उठत होती.

“नाही गं,” ते म्हणाले. “मला नाही येत.”

मिस प्रायर पुढे झाल्या आणि पोरांच्या टोप्या सारख्या करू लागल्या.

“बारीक आवाज आधी जातात,” थिबो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. आयुष्यभर ते पोरांना खरं सांगत आले होते, आज बदलायचं काही कारण नव्हतं. “म्हाताऱ्यांचं होतं असं. मला ठाऊक होतं. फक्त माझंही होईल, हे ठाऊक नव्हतं.”

“म्हणजे ते गेलेच नव्हते?” ओटिसने विचारलं. “मग ते चित्र?”

“चित्र उतरवायचं आजच. ते इथेच होते. रोज गात होते. मीच...” त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाइतकाच आनंदही होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

त्यांनी पिशवीतून वही काढली, किंगलेटचं पान उघडलं आणि टेससमोर ठेवलं. शेजारी शाईची गादी. वर शिक्का.

“ही तीन शून्यं मी पाठवली होती. काय करायचं त्यांचं, सांग.”

टेसने त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा चालली आहे का, हे तिने आधी नीट पारखून घेतलं. मग बाही मागे सारली, शिक्का गादीवर दाबला आणि एकेका शून्यावर उठवला. ठप्प. ठप्प. ठप्प. पोरं रिवाजाप्रमाणे खिदळली, आणि सगळ्यात मोठ्याने थिबो हसले.

“आता या वर्षीचा आकडा. तूच लिही. ज्याने ऐकलं, त्याने लिहायचं.”

टेसने पेन्सिल घेतली, जीभ दातांत धरली आणि लिहिलं, ‘२’.

“दोन?” थिबोंनी विचारलं. “मला तर एकच दिसला.”

“दुसरा तिकडे मागे आहे, ओढ्याजवळ. मघापासून याला उत्तर देतोय.”

थिबोंनी ओढ्याच्या दिशेने पाहिलं. दुर्बीण गळ्यात होती, ती त्यांनी उचलली नाही. वही आपल्याकडे फिरवून घेतली आणि टेसच्या आकड्याखाली सही केली.